रेकॉर्ड रूमच्या दाराला ‘थम’ बसवताना

पतसंस्थेच्या रेकॉर्ड रूममधली कपाटं उघडून बघा. कर्जदारांच्या फायली, जामीनदारांचे पगाराचे दाखले, पॅन आणि आधारच्या झेरॉक्स, सह्यांची नमुना कार्डं, तारण म्हणून घेतलेले सही केलेले कोरे चेक. आणि या सगळ्याला एक कुलूप, ज्याची किल्ली व्यवस्थापकांच्या ड्रॉवरमध्ये असते. ड्रॉवर उघडाच असतो. मग कधीतरी संचालक मंडळ ठराव करतं की रेकॉर्ड रूमला बायोमेट्रिक, म्हणजे बोट ओळखून दार उघडणारं ‘थम’ मशीन बसवा, कोटेशनं मागवली जातात आणि तुलना होते ती मशीनची: बोटं किती मावतात, स्क्रीन केवढी आहे, चेहरा ओळखतं का.

आम्ही ही कामं करतो. मशीन कुठलं घेतलं यावर दाराची मजबुती फार थोडी अवलंबून असते, असं आमचं मत झालं आहे. दोन प्रश्न त्याहून महत्त्वाचे: लॉक उघडणारा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) भिंतीच्या आत आहे की बाहेर, आणि ठशांची फाइल कुठेकुठे पोचली आहे. तालुक्याच्या गावातल्या, १४ माणसं कामाला असलेल्या एका पतसंस्थेचं काम समोर ठेवून हे सांगतो. इतर ठिकाणीही क्रम साधारण हाच असतो.

पहिल्या भेटीत मशीनची पिशवी उघडायची नाही. खोली बघायची. दार आत उघडतं की बाहेर, चौकट सागवानी आहे की लोखंडी, दारावरचा झरोका केवढा, मागच्या खिडकीचे गज शाबूत आहेत का, खोटं छत शेजारच्या खोलीपर्यंत सलग आहे का. छत सलग असेल तर एक चौकोनी पत्रा सरकवून माणूस पलीकडे उतरतो. तसं असेल तर आधी गवंडी बोलवा आणि भिंत स्लॅबपर्यंत न्या, दाराचं नंतर बघू. या खोलीत झरोका उघडा होता, त्याला जाळी मारून घेतली.

दुसरं काम यादीचं. आत कोणाला जायचं आहे? व्यवस्थापक म्हणतात, “सगळ्यांचंच घेऊन टाका हो, परत परत तुम्हाला कशाला त्रास.” इथे नाही म्हणावं लागतं. वसुली अधिकाऱ्याला फाइल लागते, खोली लागत नाही. खोदून विचारलं की १४ जणांतून ५ उरतात. याला निव्वळ शिस्तीपलीकडचं एक कारण आहे. नुसत्या बोटावर उघडणारं मशीन आलेला ठसा साठवलेल्या प्रत्येक ठशाशी ताडून बघतं. एका तुलनेत चुकून परका ठसा जुळण्याची शक्यता लाखात एक धरली, तर ५ माणसांची १० बोटं साठवल्यावर ती दहा हजारात एक होते. ५०० कामगारांच्या कारखान्यात १००० बोटं असतात, तिथे ती शंभरात एकावर येते. माणूस वाढला की दार तेवढं सैल होतं. कार्ड दाखवून मग बोट लावायचं ठेवलं, तर मशीन फक्त त्या कार्डधारकाच्या दोन बोटांशी तुलना करतं, म्हणून मोठ्या ठिकाणी आम्ही कार्डाशिवाय काम घेत नाही. पाच माणसांच्या खोलीलाही कार्ड अधिक बोट हेच बरं. कार्ड १२५ किलोहर्ट्झचं स्वस्तातलं असलं तरी चालतं. त्याची नक्कल मिनिटात होते हे खरं, पण इथे ते फक्त माणूस कोण हे सांगतं, दार बोट उघडतं.

चेहऱ्याचं मशीन घ्यावं का, हे हमखास विचारतात. हात लावावा लागत नाही, शिमेंटवाल्या किंवा शेतातल्या हातांचा प्रश्न येत नाही, हे त्याचे फायदे. पण दारासमोर पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी चारनंतर कॅमेऱ्यात नुसता उजेड दिसतो, आणि साध्या कॅमेऱ्याचं मशीन मोबाइलमधल्या फोटोलाही फसतं. इन्फ्रारेडवर चेहऱ्याचा उठाव मोजणारं असेल तर घ्या, नाहीतर बोट बरं.

आता लॉक. सगळीकडे मॅग्नेट बसतो, ज्याला आपल्याकडे ईएम लॉक म्हणतात. ६०० पौंडी, म्हणजे सुमारे २७० किलो ओढ सहन करणारा, १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर खाणारा. वीज आहे तोवर चिकटलेला, वीज गेली की सुटलेला. आग लागली तर आतला माणूस अडकू नये म्हणून तो तसाच बनवलेला आहे. पण रेकॉर्ड रूममध्ये रात्री कोणी नसतं, आणि रात्रीच वीज जाते. अशा खोलीला खरं तर इलेक्ट्रिक स्ट्राइक, म्हणजे चौकटीत बसणारा विजेचा खटका शोभतो: वीज गेली तरी बाहेरून बंदच राहतो, आतून साध्या मुठीने केव्हाही उघडतो. अडचण अशी की त्यासाठी चौकट कोरावी लागते आणि जुनी सागवानी चौकट कोरू द्यायला कोणी तयार नसतं. म्हणून इथे मॅग्नेट बसवला आणि जुनं कुलूप काढू दिलं नाही. संध्याकाळी काम संपलं की कुलूप, दिवसभर मॅग्नेट. कोणाला हे डबल काम वाटतं. वाटू द्या.

मॅग्नेट बसवताना हमखास होणारी चूक म्हणजे दारावरची लोखंडी पट्टी घट्ट आवळणे. पट्टीच्या मागे रबरी वॉशर दिलेला असतो तो पट्टी किंचित हलावी म्हणूनच. ती हलली तर मॅग्नेटच्या तोंडावर सपाट बसते. आवळली की एका कडेला कागदाएवढी फट राहते आणि २७० किलोचा मॅग्नेट खांद्याच्या एका धक्क्यात सुटतो. पट्टीला रंगाऱ्याने रंग फासला तरी तेच होतं. दार आत उघडणारं असेल तर झेड आणि एल आकाराच्या पट्ट्या वेगळ्या मागवाव्या लागतात. त्या कोटेशनमध्ये नसतात आणि मग ऐनवेळी वेल्डर शोधत फिरावं लागतं.

रिलेचं प्रकरण जरा सविस्तर. बाजारातल्या बहुतेक स्वस्त मशीनमध्ये सेन्सर, मेंदू आणि लॉक सोडणारा रिले हे सगळं एकाच डब्यात असतं. डबा दाराबाहेर असतो, कारण बोट बाहेरून लावायचं. सोबतच्या कागदावरच्या आकृतीप्रमाणे जोडणी केली की मॅग्नेटचा १२ व्होल्टचा पुरवठा त्या डब्यात जातो, रिलेच्या ‘नॉर्मली क्लोज्ड’, म्हणजे एरवी जोडलेल्या टोकातून फिरून परत आत येतो. म्हणजे मॅग्नेटची वायर दाराबाहेर लोंबते आहे, वर फक्त प्लॅस्टिकचं झाकण. खालचा एक स्क्रू काढला, डबा वर उचलला, ती वायर कापली की मॅग्नेटची वीज गेली. बोट नको, कार्ड नको, दार उघडं. डब्याला छेडछाड ओळखणारा बटनासारखा स्विच असतो आणि तो बोंबलतोही, पण दार तोवर उघडलेलं असतं.

उपाय महाग नाही. बाहेर फक्त बोट आणि कार्ड वाचणारं तोंड, आणि रिले असलेला छोटा कंट्रोलर, म्हणजे मशीनचा मेंदू, आत, छताजवळ पेटीत. बाहेरच्या तोंडाकडून आत फक्त माहिती येते, लॉकचा पुरवठा येत नाही. बाहेरचं कोणी उखडून नेलं तरी मॅग्नेटला त्याचा पत्ताही लागत नाही. दोघांमध्ये विगँड ही जुनी, साधी जोडणी असेल तर हिरव्या आणि पांढऱ्या वायरीवरून जाणारे २६ बिट उघड्यावर जातात. डबा उघडून त्यावर चिप बसवणारा ते टिपून पुन्हा पाठवू शकतो. आरएस-४८५ प्रकारच्या तारेवर ओएसडीपी या नव्या पद्धतीने आणि तिच्यातली सांकेतिक वाहतूक चालू करून जोडलं की तीही वाट बंद होते. चालू करायला विसरायचं नाही. कारखान्यातून येताना ती बंद असते. बजेट अगदीच नसेल तर मशीनच्याच कंपनीचा आत बसवायचा वेगळा रिले-डबा मिळतो, तो तरी घ्या.

वायर जाडीची बघा. लांब अंतरावर कॅट-फाइव्ह या नेटवर्कच्या वायरच्या एका जोडीवरून लॉकला पुरवठा देणं ही सवय सोडायला हवी. त्या तारेला मीटरमागे ०.०८४ ओहमच्या आसपास अवरोध असतो. पेटी २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ३.४ ओहम, अर्ध्या अँपिअरला १.७ व्होल्ट वाटेतच गळतात. मॅग्नेटला १०.३ मिळतात, ओढ कमी होते, आणि कोणीतरी सांगतं की दार ‘ढिलं’ पडलंय. १ चौ. मिमीच्या तांब्याच्या वायरवर तोच तोटा ०.३६ व्होल्ट होतो. मॅग्नेटच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) उलटा टाका, डायोडवर छापलेल्या पट्टीची बाजू प्लसकडे. लॉक सुटताना गुंडाळीतून उलटा झटका येतो. डायोड नसेल तर रिलेचे संपर्क काळे पडतात आणि कंट्रोलर अधूनमधून आपोआप रिस्टार्ट होतो. ‘मशीन हँग होतंय’ या तक्रारींचं मूळ आम्हाला बऱ्याचदा इथेच सापडलंय. डायोडची किंमत सांगायची लाज वाटावी इतकी कमी आहे.

बॅटरीबद्दल विक्रेता म्हणतो, ७ अँपिअर-तासांची आहे, आठ-नऊ तास चालेल. मॅग्नेटचा ०.५ आणि बाकीच्याचा ०.३ धरून भागाकार तसाच येतो. पण बॅटरीवर छापलेला ७ चा आकडा ती वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळतो. ०.८ अँपिअरला तेवढं मिळत नाही, आणि दोन उन्हाळे काढल्यावर तर नाहीच. पाच-सहा तास धरा. रात्रीचं कुलूप काढू दिलं नाही ते याच हिशेबाने.

आतून बाहेर यायला बटन, आणि शिवाय हिरवा, काच दाबून तोडायचा आपत्कालीन स्विच. हा स्विच मॅग्नेटच्या पुरवठ्याच्या तारेतच हवा, कंट्रोलरला विनंती करणारा नको. कंट्रोलर अडकला असेल तेव्हाच त्याची गरज पडते. आगीची घंटा असेल तर तिचा संपर्कही त्याच तारेत. दाराला हायड्रॉलिक क्लोजर लावा आणि दार ३० सेकंदांपेक्षा जास्त उघडं राहिलं तर वाजेल असं ठेवा, नाहीतर फायली ने-आण करताना दाराखाली वीट सरकवली जाते. आमच्या कामांतल्या निम्म्या दारांपाशी ती वीट कोपऱ्यात तयार असते.

मशीन भिंतीवर साधारण चार फुटांवर. चालू केल्याबरोबर आधी अ‍ॅडमिनचं बोट नोंदवायचं, कारण बऱ्याच मशीनमध्ये अ‍ॅडमिन नेमलेला नसेल तर मेनूचं बटन कोणीही दाबून आत शिरतो आणि स्वतःचं बोट घालून घेतो. मग कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचा. नेटवर्कवर बोलायची किल्ली मूळची ० असते, तीही बदलायची. नेटवर्कवरून मशीनशी बोलायची वाट, म्हणजे पोर्ट, बऱ्याच मशीनमध्ये ४३७० असतो. राउटरवर तो बाहेरच्या जगाला उघडून ठेवलेला आम्हाला कितीदा दिसतो, कारण हजेरीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला घरबसल्या डेटा ओढायचा असतो. तो बंद. मशीनला संगणकांपासून वेगळं नेटवर्क द्या, आणि घड्याळ बरोबर लावा; नोंदींची वेळ चुकली तर त्या नोंदींना चौकशीत किंमत राहत नाही.

बोटांची नोंदणी हे सगळ्यांत घाईने उरकलं जाणारं काम, आणि पुढच्या तक्रारी इथूनच येतात. प्रत्येकाची दोन बोटं, दोन वेगवेगळ्या हातांची. एक हात प्लास्टरमध्ये गेला तरी दुसरा राहतो. अंगठा लावायची आपली सवय सहीऐवजी अंगठा देण्यातून आली आहे. सेन्सरच्या छोट्या काचेवर तर्जनी किंवा मधलं बोट जास्त सपाट बसतं. टोक टेकवायचं नाही. पेराचा मधला भाग, जिथे रेषांचा भोवरा असतो, तो काचेच्या मधोमध यायला हवा. तीनदा लावायला सांगितलं जातं. तिन्ही वेळा बोट पूर्ण उचलून पुन्हा ठेवा.

या संस्थेत पाचव्या नंबरवर शिपाई मावशी होत्या. भांडी, फरशी, फिनेल यांनी बोटांच्या रेषा झिजलेल्या. उजवी तर्जनी तीनदा नाकारली गेली. “माझं रेशनलाबी असंच होतं साहेब,” त्या म्हणाल्या. अशा वेळी जोरात दाबणारे दाबतात, आणि दाबलं की उरलेल्या रेषाही पसरून एक होतात. बोट धुऊन पूर्ण पुसायचं, मग कपाळावरून एकदा फिरवायचं. कोरड्या कातडीला तेवढं तेल पुरतं. हलकं ठेवायचं, दोन सेकंद हलवायचं नाही. करंगळीशेजारचं बोट कामात कमी झिजतं, ते घ्यायचं. मावशींची डावी अनामिका पहिल्या फटक्यात आली. तरीही न येणारी माणसं असतात. त्यांच्यासाठी जुळणीची पातळी सगळ्यांकरता खाली आणू नका. तसं केलं की एका माणसाच्या सोयीसाठी परक्याला दार सोपं होतं. त्या एकाला कार्ड आणि पिन द्या. ज्याला ठसा द्यायचाच नाही त्यालाही हाच पर्याय तोंडावर सांगून ठेवा. पर्याय न ठेवता घेतलेल्या संमतीपत्रावरच्या सहीला फारसा अर्थ नाही.

नोंदणीच्या वेळी विचारलं जाणारं एक: हे आधारला जोडलंय का? नाही. आधारची पडताळणी करायला आधार प्राधिकरणाची मान्यता आणि त्यांच्याकडे नोंदलेलं उपकरण लागतं. हे मशीन स्वतःच्या पोटातल्या ठशांशीच ताडतं. त्यामुळे आधारचे ठसे मोबाइलवरून लॉक केले तरी ऑफिसचं दार उघडायला अडचण येत नाही, आणि ते लॉक करून ठेवावेत असं आम्ही सगळ्यांना सांगतो. बोट तेच आहे, आणि त्या बोटावर आधार क्रमांकासह गावातल्या बँक मित्राकडे पैसे निघतात.

विक्रेत्यांचं आवडतं वाक्य असं की मशीन ठशाचा फोटो ठेवत नाही, नुसता कोड ठेवतं, त्यामुळे चोरीला गेला तरी काही बिघडत नाही. पहिला अर्धा भाग बहुतेक मशीनबाबत खरा आहे. रेषा कुठे संपते, कुठे दोन फाटे फुटतात, अशा बिंदूंची जागा आणि दिशा तेवढी साठवतात. त्याला टेम्प्लेट म्हणतात. दुसरा अर्धा भाग मात्र खोटा. नुसत्या टेम्प्लेटवरून मशीनला पटेल असा ठसा पुन्हा उभा करता येतो हे बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. आणि जिलेटिनच्या बोटाने सेन्सर फसतात हे योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातल्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ मध्येच. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयावरचा डल्ला २०१५ मध्ये उघडकीस आला, त्यात ५६ लाख लोकांचे ठसे गेले. त्यांचे पासवर्ड बदलून झाले असतील. बोटं तीच आहेत.

म्हणून टेम्प्लेट कुठेकुठे आहेत याची यादी करायची. कंट्रोलरमध्ये आहेत, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बसवणाऱ्याने बॅकअप म्हणून पेन ड्राइव्हवर एक प्रत घेतलेली असते आणि तो पेन ड्राइव्ह रोखपालाच्या खणात सापडतो. बाहेरच्या हजेरी मशीनमधून ‘परत बोटं घ्यायला नकोत’ म्हणून तीच फाइल इकडे ढकललेली असते. सॉफ्टवेअर असलेल्या संगणकावर एक, क्लाउडवर एक. या कामात हजेरी मशीनमधून काहीही आणलं नाही, पाच जणांची बोटं नव्याने घेतली, क्लाउडवर टेम्प्लेट न पाठवायचा पर्याय निवडला. यूएसबीचं तोंड मेनूतून बंद केलं. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत बायोमेट्रिक माहिती संवेदनशील वैयक्तिक माहितीत धरली आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संचालक मंडळाला तारांचे हिशेब समजावण्यापेक्षा हा एक आकडा लवकर समजतो.

सोपवण्याआधी मोडून बघायचं. मेन स्विच पाडा: बॅटरीवर मॅग्नेट धरतो का. बॅटरीही काढा: दार सुटतं का. नेटवर्कची वायर उपटा: नोंदलेलं बोट तरी चाललं पाहिजे. बाहेरचं तोंड भिंतीवरून काढून हातात घ्या आणि त्याच्या सगळ्या वायरी एकमेकींना टेकवून बघा. दार हलता कामा नये. न नोंदलेल्या नऊ जणांची दहाही बोटं लावून घ्या. पाणी लागलेलं बोट, मेहंदीचं बोट, हळदीचं बोट. सेन्सरच्या काचेवर आधीच्या माणसाचा तेलकट ठसा राहिलेला असतो, त्यावर नुसती फुंकर मारून किंवा पाण्याची पातळ पिशवी टेकवून जुनी मशीनं उघडतात. तेही करून बघा. उघडलं तर जिवंत बोट ओळखण्याची सोय बंद आहे, किंवा मशीनमध्ये ती नाहीच. नसेल तर परत पाठवा.

नंतरची देखभाल थोडी आहे. काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा, काच साफ करायचा फवारा मारू नका. चिकट थर बसला असेल तर सेलोटेप हलकेच चिकटवून उचला, तो निघून येतो. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदला, त्याआधी दर सहामाही मेन पाडून किती वेळ धरते ते वहीत लिहा. नोकरी सोडणाऱ्याचं बोट शेवटच्या दिवशीच काढायचं, आणि सॉफ्टवेअरमधून काढल्यावर मशीनवर जाऊन त्याचा नंबर खरंच गेला का ते बघायचं. मशीन त्या वेळी नेटवर्कवर नसेल तर संगणकावर नाव पुसलं जातं आणि दार त्याला उघडतच राहतं.

मशीन जुनं झालं की विक्रेता बदलीत घेऊन जातो, पोटातल्या टेम्प्लेटसकट. ते हातातून सोडण्याआधी फॅक्टरी रिसेट करा, पुन्हा चालू करून एका नोंदलेल्या माणसाचं बोट लावून बघा. ओळखलं तर रिसेटने फक्त सेटिंग पुसली आहेत. मेनूत सगळा डेटा काढून टाकण्याचा पर्याय वेगळा असतो, तो वापरायचा आणि पुन्हा तपासायचं. स्क्रीन मेली असेल आणि मेनूच दिसत नसेल तर बदलीचे पैसे सोडून द्या, झाकण उघडा आणि बोर्डावरच्या मेमरीच्या चिपमधून ड्रिल घाला.